फर्माइशीचं आकाश

संगमेश्वरला खुर्चीत बसलेला कुणी पाहिलेला नाही. लातूरच्या विज्ञान संग्रहालयात तो आठ वर्षांपासून तारांगण चालवतो. म्हणजे पगार त्याला खुर्चीत बसून कळा दाबण्याचाच मिळतो. पण त्या खुर्चीवर त्याची पाण्याची बाटली बसते आणि तो स्वतः अंधारात भिंतीच्या कडेकडेनं फेऱ्या घालतो. वर गुरूचे चंद्र फिरत असतात, खाली हा. लोक रेललेल्या खुर्च्यांत माना मागं टाकून आभाळात हरवलेले असतात आणि मधूनच कुणाच्या तरी पायाशी चपलांची फटफट ऐकू येते. संग्रहालयाचे प्रमुख शेषेराव सर म्हणतात, याच्या पायाला मीटर बसवलं तर महिन्याकाठी नांदेडला जाऊन आल्याचा भत्ता द्यावा लागेल.

घरीही तेच. जेवताना दोनदा उठणार, टीव्ही उभ्यानं बघणार, पाहुण्यांकडं गेला तर दाराच्या चौकटीला टेकून चहा पिणार. बायको सुकन्यानं लग्नानंतर दोन वर्षं त्याला बसवायचा प्रयत्न केला आणि मग नाद सोडला. तिच्या माहेरी जावयासाठी आता कुणी खुर्चीही पुढं करत नाही.

रविवारी दुपारी घुमटात कुटुंबांसाठी खेळ असतो. उदगीर, अहमदपूरहून एसटीनं माणसं येतात, नांदेडहून गाड्या करून येतात. एकदा अर्धापूरचे केळीवाले पंधरा जणांचं खटलं घेऊन आले होते आणि जाताना संगमेश्वरच्या हातात केळ्यांची एक फणी ठेवून गेले. आधी पंचवीस मिनिटांची फिल्म होते, त्यानंतर फर्माइश. फर्माइशीची कल्पना संगमेश्वरची. यंत्राला कुठलीही तारीख आणि कुठलंही गाव सांगितलं, की त्या रात्री त्या गावावर जसं आकाश होतं तसं ते वर उमटतं. दारात पेढ्यांचा एक रिकामा डबा ठेवलेला असतो. लोक त्यात तारखेची चिठ्ठी टाकतात, संगमेश्वर पाच चिठ्ठ्या काढतो आणि मोठ्यानं वाचून ती ती रात्र लावतो. लेकरू जन्मलं ती रात्र, लग्नाची रात्र. एका नवराबायकोनं लग्नाच्या दोन वेगळ्या तारखा टाकल्या होत्या. त्यानं दोन्ही लावल्या आणि पुढचं बाहेर जाऊन मिटवा म्हणून सांगितलं.

सुरुवातीला मोठा घोळ झाला तो एक जूनचा. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या जन्मतारखा गुरुजींनी घातलेल्या. पोरगं शाळेच्या दारात आलं, सहा वर्षांचं दिसलं, की लिही एक जून. त्यामुळं डब्यातून निघेल ती आजोबांची चिठ्ठी एक जूनची. शेवटी एका पोरीनं विचारलंच, की सगळे आजोबा लोक एकाच दिवशी कसे काय जन्मले. सगळा घुमट हसला. त्या दिवसापासून संगमेश्वर पिकल्या केसांच्या माणसांना तारीख विचारत नाही, आई काय सांगायची ते विचारतो. कुणी सांगतं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बहात्तरच्या दुष्काळाच्या साली. कुणी सांगतं गावात रझाकार आले त्याच्या आदल्या अमावास्येला. त्यानं जुन्या पंचांगांचा एक गठ्ठाच यंत्राच्या टेबलाखाली ठेवलेला आहे. त्यातून तो खरी रात्र हुडकून काढतो आणि वर लावतो, तेव्हा सत्तरीची माणसंही तोंड उघडं टाकून बघत राहतात.

मग तो सगळ्यांना मूठ शिकवतो. हात सरळ लांब करायचा आणि आकाशापुढं मूठ धरायची. एक चांदणी मुठीच्या या कडेपासून त्या कडेला जायला चाळीस मिनिटं लागतात. घड्याळ नको, मोबाइल नको. पोरांना हे फार आवडतं. दोनशे मुठी एकदम वर होतात. तो व्याधावर मूठ धरायला लावतो, कधी शनीवर. रोहिणी डोक्यावर आली असली तरी तिच्यावर मात्र धरायला लावत नाही, आणि हे आजवर कुणाच्या ध्यानात आलेलं नाही.

आणखी एक गोष्ट तो करतो. दाराजवळच्या सहा खुर्च्यांची तिकिटं तो विकू देत नाही. औशाच्या खालच्या पट्ट्यातली, किल्लारीच्या बाजूची जुनी माणसं घुमटात शिरली की आधी दार कुठं आहे ते बघतात आणि मग वर बघतात. संगमेश्वर काही न विचारता त्यांना त्या खुर्च्यांवर बसवतो. फिल्ममध्ये पृथ्वीवर मोठा दगड आदळतो तेव्हा जमिनीतून घुमल्यासारखा आवाज येतो, तो आवाजही तो स्वतःच्या हातानं कमी करतो. शेषेराव सरांनी एकदा कारण विचारलं, संगमेश्वरनं गावाचं नाव सांगितलं, सरांनी पुन्हा विचारलं नाही. आठ वर्षांत त्या डब्यात हजारो तारखा पडल्या, पण एक तारीख कधीच आली नव्हती. इथल्या माणसांना ती इतकी पाठ आहे, की ती मागायचं कुणाला सुचत नाही.

तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णव. संगमेश्वर तेव्हा नऊ वर्षांचा होता. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव दमून झोपलं होतं. आई उमाबाई भावजयीच्या बाळंतपणाला अहमदपूरला, माहेरी गेलेली. पहाटे चारला जमीन हलली आणि माळवदाचं घर, दगड, माती, लाकडं सगळं खाली आलं. वडील बसलिंगप्पा पलीकडच्या खोलीत जागच्या जागी दबून गेले. संगू आणि त्याची पाच वर्षांची बहीण मंजुश्री एका गोधडीत होती. एक तुळई तिरपी अडकली आणि दोघं तिच्याखाली राहिली. मंजूचं डोकं त्याच्या दंडावर होतं, त्याचा दुसरा हात मोकळा होता. वर एक फट राहिली होती. धुरळा बसला तेव्हा त्या फटीच्या एका कडेला तांबूस चांदणी दिसायला लागली.

मंजू रडत होती. तिला गप्प करायला त्यानं खेळ काढला. हात वर करून मूठ धरली की फट बुजायची आणि चांदणी जायची, मूठ काढली की चांदणी यायची. मंजू म्हणायची, परत कर. तो परत करायचा. असं करता करता चांदणी या कडेपासून त्या कडेला सरकली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा मंजू म्हणाली, "अण्णा, गेली ती." त्यानंतर ती बोलली नाही. संगूला लोकांनी दुपारी बाहेर काढलं.

उमाबाई दुसऱ्या दिवशी गावात पोचली. तिला बायकांनी वाटेतच सांगून ठेवलं होतं, की बापलेक दोघं झोपेतच गेली, काही कळलंसुद्धा नाही त्यांना. त्या दिवसांत गावोगावी हेच सांगितलं जात होतं आणि सांगणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. त्या एका वाक्याला धरूनच माणसं उभी राहत होती. संगूला हे कुठून कळणार? त्यानं आईला सगळं सांगितलं. मंजू बोलत होती, फटीत बरोबर एक मूठ बसायची, चांदणी जाईपर्यंत ती खेळत होती. उमाबाईनं त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणाली, ती झोपेत गेली, पुन्हा असलं बोलायचं नाही. मुलगा पुन्हा कधी बोलला नाही. मायलेकरांनी तीस वर्षं एका छपराखाली काढली, त्यात मंजूचं नाव निघालं, त्या पहाटेचं निघालं नाही.

एका छपराखाली म्हणायचं ते बोलण्यापुरतं. उमाबाई आजही बाहेर व्हरांड्यातच झोपते, थंडी असो की पाऊस.

संगमेश्वर एकोणिसाव्या वर्षी नांदेडला शिकायला होता तेव्हा एका मास्तरांनी पोरांना वसतिगृहाच्या गच्चीवर नेलं आणि मुठीचं माप शिकवलं. एक मूठ म्हणजे चाळीस मिनिटं. सगळ्यांनी मुठी वर केल्या. संगमेश्वर जिना उतरून खाली आला आणि विष्णुपुरीच्या रस्त्यानं चालत सुटला. तोवर तो स्वतःची समजूत घालत होता, की दोन-चार मिनिटं असतील; लहानपणी वेळेचा अंदाज कुणाला असतो? आता आकडा हातात आला होता. चाळीस मिनिटं ती जिवंत होती आणि तेवढ्या वेळात आपण एक हाक मारली नाही. खेळत बसलो. लोक ज्याला भिंगरी म्हणतात ती त्याच्या पायाला त्या दिवशी लागली. हा आकडा त्यानं कुणालाच सांगितला नाही, सुकन्यालाही नाही. मंजू झोपेत गेली या एका वाक्यावर आई, त्याची अव्वा, जगली आहे, ते आपल्या हातून मोडायचं नाही, एवढं त्यानं पक्कं ठरवलं होतं. मग हाच माणूस दर रविवारी दोनशे लोकांना मूठ का शिकवतो? कदाचित कुणाला तरी सांगितल्यासारखं होत असेल.

आणि नेमकं तेच अंगाशी आलं. त्याची बारा वर्षांची लेक दाक्षायणी खेळ बघून घरी गेली आणि तिनं आजीला मूठ शिकवली. संगमेश्वर संध्याकाळी घरी आला तर उमाबाई अंगणात हात लांब करून उभी, आणि दाक्षू शेजारी उभी राहून तिचं कोपर सरळ करून देत होती. पुढचे चार दिवस उमाबाई रोज रात्री अंगणात मूठ धरून उभी राहायची. पाचव्या दिवशी तो चपला घालत होता तेव्हा तिनं विचारलं, "संगू, मूठ लहान लेकराची असली तर?"

"लेकराचा हातबी आखूड असतोय की अव्वा. हिशोब तेवढाच येतो," तो सवयीनं बोलून गेला. खेळात हा प्रश्न दर वेळी कुणीतरी विचारतंच. फाटकाबाहेर पडल्यावर आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं. तो परत वळला नाही. त्या दिवशी त्यानं घुमटात इतक्या फेऱ्या घातल्या, की एका बाईनं तक्रार केली.

त्या रविवारी उमाबाई संग्रहालयात आली. आठ वर्षांत त्यानं पन्नास वेळा बोलावलं असेल. एवढ्या मोठ्या छताखाली मी यायची न्हाई, असं ती दर वेळी सांगायची. आज दाक्षूचा हात धरून ती आली आणि कुणी न सांगता दाराजवळच्या खुर्चीत बसली. पदर डोक्यावर, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट. संगमेश्वरनं फिल्म लावली. दगड आदळायच्या आधी त्यानं आवाज पार बंदच केला. फिल्मभर तो दारापाशी घुटमळत राहिला, तिच्याकडं बघायचं टाळत आणि दुसरं काहीच न बघत.

फर्माइशीला त्यानं डबा हलवला. पहिली चिठ्ठी देगलूरच्या एका जोडप्याची निघाली, ती लावली. दुसरी उघडली आणि दाक्षूचं अक्षर दिसलं. तारीख ती. गाव जुनं, जे आता तिथं नाही. शेवटी पहाटे चार. त्यानं चिठ्ठी खिशात घातली आणि म्हणाला, ही काही वाचता येत नाही. पुढच्या तीन त्यानं घाईघाईनं उरकल्या. एका आजीला तर पोळ्याऐवजी दिवाळीचं आकाश दाखवलं. दिवे लागले, लोक डोळे चोळत उठले, पोरं वर बघत बघत धडपडत बाहेर गेली. उमाबाई उठली नाही.

"पप्पा, माझं अक्षर एवढं काही वाईट नाहीये," दाक्षू म्हणाली. त्यानं तिला बाहेर शेषेराव सरांकडं पाठवलं. घुमटात मायलेक दोघंच राहिली. पुढच्या खेळाची माणसं बाहेर जमायला लागली होती, त्यांचा गलका दारातून येत होता.

"अव्वा, घरी बोलू की आपण."

"घरी तू बसतोस कुठं?" उमाबाई म्हणाली. "लाव."

त्यानं दिवे घालवले. तारीख घालताना बोट दोनदा चुकलं. मग त्यांच्या गावाचं आकाश वर आलं. पश्चिमेला चतुर्दशीचा चंद्र कलला होता आणि बरोबर डोक्यावर, जराशी पूर्वेकडं, तांबूस चांदणी होती.

"हीच का?"

"हीच. रोहिणी म्हणतेत हिला." सवयीनं त्याचा हात आकाश पुढं पळवायच्या कळीकडं गेला. खेळात तो रात्रभराचं आकाश दोन मिनिटांत सरकवतो.

"पळवू नको," ती म्हणाली. "तिला जेवढा वेळ लागला तेवढा लागू दे."

म्हणजे हिनं हिशोब केला होता. त्याला एकदम वाटलं, दार उघडावं आणि चालत सुटावं, पार नांदेडपर्यंत. तेवढ्यात दार खरंच उघडलं. पुढचा खेळ का थांबला ते बघायला शेषेराव सर आले होते. त्यांनी वर पाहिलं. आकाशाच्या खालच्या कडेला तारीख उमटलेली असते, ती वाचली. ते आल्या पावली मागं फिरले, दार ओढून घेतलं, आणि बाहेर ते लोकांना यंत्राला जरा वेळ लागेल म्हणून सांगत असल्याचं ऐकू आलं.

उमाबाईनं त्याची बाही धरून ओढली. "बस."

तो बसला. शेजारच्या खुर्चीत, मान मागं टाकून. पाय नुसते थडथडत होते. पाच-सात मिनिटं गेली. चांदणी हलताना दिसत नव्हती, पण हलत होती.

"लई रडली का?"

"आधी रडली. मग न्हाई."

"काय म्हणत होती?"

"परत कर म्हणायची."

उमाबाईनं पदर तोंडाशी नेला. मग तिनं हात सरळ वर केला आणि मूठ धरली. त्यानंही धरली. किती तरी वेळ दोन मुठी अंधारात तशाच वर होत्या. हात भरून आला की तो खाली करायचा आणि पुन्हा वर करायचा; तिचा हात मात्र एकदाही खाली आला नाही. पासष्टीच्या बाईला एवढा जोर कुठून आला कोण जाणे.

"अव्वा, मी हाक मारली न्हाई," तो म्हणाला. वीस वर्षं आत ठेवलेलं असं एकदम बाहेर आलं. "एकदाबी न्हाई. खेळत बसलो. मारली असती तर कुणी आलं असतं."

ती वर बघत राहिली.

"कोण आलं असतं? हाक ऐकायला गावात उरलं होतं कोण?" ती म्हणाली. "तिला तरास झाला ह्या भ्यानं मी तुला मारलं. झोपेत गेली, झोपेत गेली म्हणत राहिले. माझं लेकरू अंधारात एकलंच मेलं असं तीस वर्षं मला सपान पडतंय, संगू. तू सांगत होतास न्हवं, ती एकली न्हवती म्हणून. मीच ऐकून घेतलं न्हाई."

संगमेश्वर रडला. त्यानं डोळे पुसले नाहीत, कारण चांदणी मुठीच्या कडेला आली होती आणि ती नजरेआड होऊ द्यायची नव्हती. त्याचे पाय केव्हा थांबले ते त्याला कळलं नाही. बाहेर एक लहान मूल रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. चांदणी मुठीमागून सुटली. उमाबाईनं हात खाली घेतला.

"गेली ती," ती म्हणाली.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं, खुर्चीचा दांडा धरून उठली आणि वरच्या छताकडं, त्या एवढ्या मोठ्या छताकडं, एकदा नीट बघून घेतलं. "चल, ऊठ. बाहेर लेकरं ताटकळलीत," ती म्हणाली आणि दाराकडं निघालीसुद्धा. संगमेश्वरला मात्र उठायला जरा वेळ लागला.